पूस म्हणजे पुसणं

आमच्या कारखान्यात चष्म्याची भिंगं घासतात. काउंटरवर गिऱ्हाईक डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतं, काउंटरवाली ताई त्यातले आकडे कॉम्प्युटरवरच्या खिडकीत भरते, आणि मागच्या खोलीत घासमामांच्या मशीनला कळतं की काच कुठून किती घासायची. मामांचं खरं नाव ऑफिसातल्या हजेरीपटालाच ठाऊक. आम्हाला ते घासमामा.

खिडकी माझी. म्हणजे काउंटरवर जो रंगीत, गोल बटणांचा प्रोग्रॅम उघडतो तो मी लिहिला. पण खिडकीला गणित येत नाही. ती नुसती आकडे घेते आणि गोड हसते. गणित करतो तो मागचा जुना प्रोग्रॅम, त्याला आम्ही डबा म्हणतो, आणि डबा माझ्या सासऱ्यांचा. तीस वर्षांपूर्वी बाबा याच कारखान्यात होते, तेव्हा त्यांनी तो लिहिला. लिहिला तोही अशा भाषेत, की आज ती येणारी माणसं बोटांवर मोजावीत आणि त्यातली निम्मी गोळ्या घ्यायला विसरतात. आत काय चालतं कुणालाच माहीत नाही. वरून आकडे टाकायचे, खालून काचेचं माप घ्यायचं. आजवर एक काच चुकली नाही असं मामा सांगतात, आणि मामा स्वतःला सोडून कुणाचं कौतुक करत नाहीत.

बाबांनी डब्यासाठी स्वतःची एक खिडकी केली होती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ती ज्या कॉम्प्युटरवर चालायची तो आता दिवसातून दोनदा मान टाकत होता. सोमवारी मालकीणबाईंनी मला बोलावलं. "तुझी नवी खिडकी त्या डब्याला जोडून दे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत जोडलीस तर ठीक. नाहीतर मी सरळ तयार पॅकेज आणते. खिडकी, गणित, सगळं एकत्र येतं त्यात."

"आणि डबा?"

"डबा जाऊ दे ना आता. किती वर्षं चालवायचा?"

त्या वाईट बाई नाहीत. पण ते 'जाऊ दे' त्या ज्या सहजपणे म्हणाल्या ना, ते माझ्या डोक्यात गेलं. बाबांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घरी पेपरातलं कोडं सोडवतात, पंख्याचा आवाज का येतो ते बघतात, आणि दिवसातून एकदा तरी म्हणतात, "आपल्याला आता कोण पुसतंय." आम्ही मनातल्या मनात म्हणतो, अहो बाबा, तुमचा डबा रोज शंभर माणसांना नीट बघायला लावतो. तो डबा गेला तर त्या वाक्याला उत्तर उरणार नव्हतं.

म्हणून मी तावातावाने म्हटलं, "शुक्रवार कशाला, गुरुवारीच देते." हा माझा स्वभाव. आधी तोंड चालतं, मग डोकं त्याच्या मागून धावत येतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांच्या कानावर एक अक्षर जाऊ द्यायचं नाही. शुक्रवारी डबा फेकणार म्हटलं की त्यांचं ब्लडप्रेशर गुरुवारीच छताला लागेल." सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हे काही पटलं नाही. "अगं, त्यांनीच लिहिलंय ना ते? मग त्यांनाच पूस की," त्या म्हणाल्या. आई विचारायला 'पुसणं' म्हणतात. दुकानात भाव पुसतात, फोनवर बहिणीची तब्येत पुसतात. तेरा वर्षं मी ते ऐकतेय, इतकं की परवा मीसुद्धा एका गिऱ्हाइकाला "डॉक्टरांना पुसलंत का?" असं विचारून बसले. पण नवऱ्याने डोळे मोठे केले आणि आई गप्प बसल्या. मीही मूग गिळून बसले, जे मला अजिबात जमत नाही.

आता जोडायचं म्हणजे काय, तर माझ्या भाषेतल्या खिडकीने त्यांच्या भाषेतल्या डब्याला हाक मारायची. दोघांच्या सवयी वेगळ्या. माझी भाषा मोजायला शून्यापासून सुरुवात करते, बाबांची एकापासून. मंगळवारचा अख्खा दिवस त्यात गेला. माझ्या खिडकीने शून्य नंबरच्या डोळ्याचे आकडे पाठवले, डब्याने एक नंबरचा डोळा उचलला, आणि उजव्या डोळ्याचे आकडे डाव्याच्या खात्यात. मामा पडद्यावर ते बघून म्हणाले, "हे गिऱ्हाईक उलटं झोपून पेपर वाचणार बहुतेक." ते मी निस्तरलं.

खरं घोडं पुढे अडलं. डब्याला हाक मारायची तर कामाचं नाव घेऊन मारावी लागते. बाबांनी डब्याला चार कामं दिली होती आणि चारही नावं छोटी, कारण त्यांच्या भाषेत तेव्हा लांब नावं चालत नसत. आणि नावं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. कुठल्या कामाचा काय उपयोग ते सांगणारं एक जाडजूड बाड होतं म्हणे. ते शोधलं तर कळलं की चार वर्षांपूर्वी कागद संपला तेव्हा कुणीतरी त्याच्याच पानांत भिंगं गुंडाळून गिऱ्हाइकांना दिली. म्हणजे गावातल्या साठेक घरांत डब्याची माहिती चष्म्याच्या केसमध्ये पडून आहे, आणि माझ्याकडे नुसती चार नावं.

पहिलं नाव बी-ए-एस. बस. मी म्हटलं, बस म्हणजे पुरे, हे शेवटी लावायचं. शेवटी लावलं तर डबा उठायलाच तयार नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. बस म्हणजे खाली बस. पानावर बस. म्हणजे हे सुरुवातीचं. दुसरं व्ही-ए-डी-एच. काउंटरवाली ताई माझ्या खांद्यावरून वाचून घाबरली. "वध?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, वाढ. पानावर बसलो की वाढतात ना, तसं." सासरे जेवायच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात हे तेरा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं. एरवी जेवताना त्यांच्या तोंडातून 'पुरे' या शब्दापलीकडे काही निघत नाही. शेवटचं नाव यू-टी-एच. ऊठ. जेवण झालं, उठा. तेही सरळ.

राहिलं तिसरं. पी-यू-एस.

या नावाला मी क्षणभरही थांबले नाही. आमच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला लागतं का? पूस. म्हणजे विचार. खिडकी डब्याला आकडे वाढणार, मग डब्याला पुसणार, "काय रे, काय उत्तर आलं?" आणि डबा उत्तर देणार. मला इतका आनंद झाला की मी जागेवरच टाळी वाजवली. बस, वाढ, पूस, उत्तर घे, ऊठ. लिहिलं, चालवलं. पूस म्हटल्यावर डबा म्हणाला, 'झालं'. खिडकीत हिरवी खूण उमटली. बुधवारी दुपारचे चार वाजले होते आणि मी एक दिवस आधीच जिंकले होते.

मामा म्हणाले, "ज्याचा डबा, त्याचाच चष्मा आधी." बाबांचा नंबर त्यांना तोंडपाठ. मशीन घर्र करून चाललं, दोन काचा निघाल्या, त्यांनी त्या एका फ्रेममध्ये बसवल्या. "थांब, तपासून देतो," म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या हो मामा, तीस वर्षांत चुकलाय का कधी?" आणि चष्मा पर्समध्ये टाकून निघाले. आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

माझा बेत असा, की बाबांना काहीच सांगायचं नाही. कारखान्याकडून जुन्या माणसांना भेट आली म्हणायचं, चष्मा द्यायचा, आणि ते आपल्याच डब्याने केलेल्या काचेतून कोडं सोडवत बसले की आपण लांबून बघायचं. चहाच्या वेळी दिला. बाबांनी जुना चष्मा काढला, नवा घातला. पेपर उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग चष्मा काढून त्याच्यातून टेबलाच्या कडेकडे बघितलं, काच इकडे तिकडे हलवली. नंबराच्या काचेतून बघितलं तर कड सरकते; ही जागची हलली नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही साधी काच आहे."

"असं कसं होईल?"

"खिडकीला लावतात तसली. नंबर शून्य." ते काचेकडे बघत राहिले. नवरा मला खुणा करत होता, आई त्याला. आणि बाबा हळूच म्हणाले, "तू आधी पूस केलंस."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"माझा डबा जोडतेयस तू," बाबा म्हणाले. "बस केलंस, वाढ केलंस, आणि उत्तर उचलायच्या आधी पूस केलंस. असं नुसतं शून्य डबा दुसऱ्या कुठल्याच कारणाने देत नाही."

"अहो पण पूस म्हणजे विचार ना?" मी म्हटलं. "मी विचारलं त्याला. तो 'झालं' म्हणाला."

"पूस म्हणजे पुसणं. ताट पुसणं. फडक्याने." त्यांनी हाताने टेबल पुसून दाखवलं, मी जणू परदेशातून आले होते. "तो तुला ताटात वाढून देतो. ते खायचं, म्हणजे उत्तर उचलून घ्यायचं. मग ताट पुसायचं, पुढच्या गिऱ्हाइकाला स्वच्छ मिळावं म्हणून. तू वाढलेलं ताट न जेवता पुसून टाकलंस. तो बिचारा म्हणाला, 'झालं'. पुसून झालं."

"या घरात पूस म्हणजे विचार," मी ठणकावून सांगितलं आणि आईंकडे बोट दाखवलं. "यांना पुसा."

"ती म्हणते. मी कधी म्हटलंय? मी 'विचार' म्हणतो."

"रोज म्हणता. 'आपल्याला आता कोण पुसतंय' म्हणता."

आई पदराआड हसल्या. मीही हसणार होते, पण बाबांचा चेहरा बघून थांबले. ते हसत नव्हते.

"ते म्हणतो खरं," ते म्हणाले. "डबा मी लिहिला. जोडायला निघालीस तू. मी इथे, या खुर्चीत, तुझ्यापासून सहा पावलांवर. आणि तू नावांवरून अंदाज लावत बसलीस, पण मला एका शब्दाने विचारलं नाहीस. का? विसर पडतो म्हणून? म्हातारा झालो म्हणून?"

तेव्हा मला सांगावंच लागलं. शुक्रवार, पॅकेज, 'जाऊ दे', सगळं. नवरा बाबांच्या छातीकडे बघत होता, आता काही होतंय की काय म्हणून. बाबांना काहीही झालं नाही. त्यांनी गार झालेला चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "उद्या किती वाजता निघतेस?"

"साडेआठला."

"मी येतो." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू माझं ब्लडप्रेशर मोजणं बंद कर."

गुरुवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कारखान्यात शिरल्यावर मामांनी त्यांना मिठी मारली, आणि साध्या काचेचं मी सांगताच 'तपासून देतो म्हटलं होतं' हा पाढा वाचायला सुरुवात केली. बाबा माझ्या शेजारी बसले. मी एक ओळ उचलून दुसऱ्या जागी ठेवली. आधी उत्तर घे, मग पूस. पाच मिनिटं लागली. ज्या गोष्टीमुळे मी आणि माझी हुशारी तोंडावर आपटलो होतो ती गोष्ट पाच मिनिटांची होती, आणि बाबांनी एकदाही तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मालकीणबाई आल्या. परीक्षा मीच ठरवली होती. गेल्या महिन्याच्या चाळीस चिठ्ठ्या, ज्यांचे चष्मे बरोबर ठरलेत, त्या सगळ्या नव्या खिडकीतून डब्यात घालायच्या आणि मापं जुळतात का बघायचं. काउंटरवाली ताई आकडे भरत होती, मामा मापं वाचत होते. दहा जुळल्या. वीस जुळल्या. मालकीणबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. चाळिसावी जुळली तेव्हा मामांनी टेबलावर थाप मारली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"मान गए बुवा," मालकीणबाई म्हणाल्या. "राहू दे डबा. पॅकेजवाल्यांना नाही म्हणून कळवते."

त्या उठल्यादेखील. आणि बाबा म्हणाले, "एक राहिली."

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि ताईसमोर ठेवली. ताईने आकडे भरले, पण शेवटच्या आकड्यापाशी अडखळली. त्याच्यासाठी खिडकीत जागाच नव्हती. जुन्या खिडकीत नव्हती म्हणून मीही केली नव्हती. मी चिठ्ठी हातात घेतली. प्रिझमची काच होती. ज्यांना एकाचे दोन दिसतात त्यांना ती देतात, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, म्हणजे दोन चित्रं सरकून एकमेकांवर बसतात. मी घाईघाईने तेवढी जागा केली आणि आकडा पाठवला. डब्याने तो घेतला, गिळला, आणि प्रिझम नसलेलं माप पुढे केलं. वर म्हणाला, 'झालं'.

"हे त्याला येत नाही," बाबा म्हणाले. "तेव्हा असली कामं आपण बाहेर पाठवायचो, म्हणून मी ते शिकवलंच नाही. आणि येत नाही असंही तो सांगत नाही, ही माझी चूक. आता असल्या चिठ्ठ्या वाढल्यात. पॅकेज घ्या तुम्ही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस जुळल्या होत्या, बाई उठल्या होत्या, आणि या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचा डबा बुडवला. मी मालकीणबाईंना म्हटलं, "थांबा. प्रिझमचं काम मी लिहिते, माझ्या भाषेत, वेगळं. बाबा डब्यात एवढंच घालतील, की प्रिझम दिसलं की मला हाक मार. आत्तापर्यंत खिडकी डब्याला हाक मारत होती, आता डबा मला मारेल."

"आणि ते बरोबर आलं हे कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

मग त्या बाबांकडेच वळल्या. "तुम्ही बघाल?"

बाबांनी चष्मा नाकावर नीट केला. "बघेन. पण तिने आधी कागदावर सोडवून दाखवायचं. मग लिहायचं."

"पंधरा दिवस देते," मालकीणबाई म्हणाल्या.

परतताना मी रस्त्यात भांडले. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? डबा राहिला होता. त्या एका चिठ्ठीवाचून कुणाचं अडलं होतं?"

बाबा चालता चालता थांबले. "चिठ्ठीवरचं नाव वाचलं नाहीस?"

मी आकडेच वाचले होते. पर्समधून चिठ्ठी काढून बघितली. नाव आईंचं होतं.

"दोन महिने झाले," बाबा म्हणाले. "तुम्हाला सांगू देत नाही. जिना उतरताना पायरी दोनदा चाचपते. मी बोललो नसतो तर तिची चिठ्ठी उद्या त्याच काउंटरवर आली असती, आणि माझ्याच डब्याने तिला चुकीची काच दिली असती." ते परत चालू लागले. "तिला मी दोन दिसतो, सूनबाई. एकाला सांभाळतानाच तिच्या नाकी नऊ आले."

मला तिथेच, भर रस्त्यात, रडू आलं. बाबा पुढे निघून गेले होते, त्यामुळे बरं झालं.

प्रिझमचं काम मी कागदावर चार वेळा सोडवलं. तीन वेळा बाबांनी परत पाठवलं. बाराव्या दिवशी मामांनी पहिली काच घासली आणि या वेळी मी म्हणायच्या आधीच तपासली. संध्याकाळी आईंनी चष्मा घातला. बाबा समोर उभे राहिले, फोटो काढायला उभे राहतात तसे ताठ.

"किती?" त्यांनी विचारलं.

आईंनी बराच वेळ बघितलं. "एकच," त्या म्हणाल्या. "दुसरा जरा हसरा होता."